दादाच्या दाढीचे सामान

माझी बॅग सकाळपासून पलंगावर उघडी पडली आहे आणि ती भरून होत नाही, याला माझा आळस कारण नसून नियम कारण आहेत. ब्रश ठेवला, साबणाची वडी ठेवली, तुरटीचा खडा कागदात गुंडाळून ठेवला. रेझर ठेवले आणि पुन्हा बाहेर काढले. परदेशी असलेल्या कन्येने फोनवर बजावले आहे की पाती हातातल्या बॅगेत नकोत, मोठ्या बॅगेत टाका. खोबरेल तेलाची बाटली शंभर मिलिलिटरच्या वर असेल तर तीही तिकडेच. आणि जे पातळ पदार्थ जवळ बाळगायचे ते पारदर्शक पिशवीत, म्हणजे तपासणाऱ्याला दिसतील. माझे तेल कोणाला दिसावे अशी माझी इच्छा नाही. परंतु ते असो.

मागच्या खेपेस एका विमानतळावर (नाव लिहीत नाही, कारण पत्रव्यवहार अद्याप चालू आहे) एका तरुण रक्षकाने माझ्या बॅगेतली पात्यांची पुडी काढून टोपलीत टाकली. ही जप्ती कोणत्या नियमाखाली आणि पावती कोण देणार, असे मी अदबीने विचारले. तो म्हणाला, आजोबा, पुढे चला, मागे रांग आहे. रांग असणे हे कायद्याचे कलम नव्हे. घरी आल्यावर मी सविस्तर पत्र लिहिले. एका दांड्यावर तीन पाती बसवलेले प्लास्टिकचे रेझर विमानात चालते आणि एक सुटे पाते चालत नाही, तर तीनपेक्षा एक अधिक धोक्याचे कसे, याचा लेखी खुलासा मागितला. उत्तर आले की आपले पत्र मिळाले असून ते योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे. पुढे म्हणजे कुठे, हे विचारणारे दुसरे पत्र मी रवाना केले आहे.

अशी चिडचिड करीत बॅगेसमोर बसलो की हात थांबतो आणि दुसरी एक पेटी आठवते. पत्र्याची होती, निळ्या रंगाची, आणि तिच्यावर माझ्या थोरल्या भावाचे नाव मीच पांढऱ्या रंगाने इंग्रजीत लिहिले होते. आमच्या वाडीतून विमानाला गेलेला तो पहिला माणूस. वेल्ह्याहून पुढे डोंगराच्या पोटात आमची वाडी. समोर राजगड, खाली भाताची खाचरे, वर करवंदीच्या जाळ्या आणि धनगरांचे वाडे. मी तेव्हा भोरला शिकत होतो आणि उत्रोलीला मामांकडे राहत होतो. शनिवारी एसटीने नसरापूर, तिथून दुसरी गाडी मिळाली तर वेल्हे, न मिळाली तर जो टेम्पो थांबेल तो. दादाचे आखातात वेल्डर म्हणून जायचे ठरल्यापासून मी शनिवारची वाट न पाहता घरी येऊ लागलो, कारण पेटीत काय भरायचे यावर घरात जी भांडणे चालली होती त्यांत इंग्रजी येणारा माणूस एकटा मी होतो.

सुगी नुकतीच संपत आली होती. अंगणात फळीवर भाताच्या पेंढ्या आपटण्याचा आवाज दिवसभर चाले. धप्प, मग दाण्यांची सर, मग पुन्हा धप्प. त्या आवाजात कोणालाही एका जागी बसवत नसे. दादा पेटी भरी आणि उपशी. आई येऊन त्यात काही ठेवी, तो ते काढी. तिने दात घासायला बाभळीच्या काड्यांची जुडी बांधली होती. टाचा घासायची वजरी, म्हणजे तो खरखरीत काळा दगड, तीही ठेवली होती. परदेशात दगड मिळत असतील हे तिला मान्य नव्हते. शिकेकाईची पुरचुंडी, घाण्याचे तेल, राखुंडीचा डबा. दादा म्हणे, "आई, दगूड घेऊन इमानात कोन बसतंय?" आणि आई म्हणे, "तू बस. पयला तूच बस."

या सगळ्यात दाढीचे सामान नव्हते, आणि ते नव्हते याचे कारण सांगायला हवे. आमच्या घरातल्या कोणाही पुरुषाने तोवर स्वतःची दाढी स्वतः केली नव्हती. वाडीवस्तीवरच्या सगळ्यांच्या दाढ्या गेनबा करीत. सुगीला भाताचे बलुते घेत आणि वर्षभर धोकटी काखेला मारून घरोघर येत. ओट्यावर बसायचे, डोळे मिटायचे, गेनबा हनुवटी धरून मान वळवतील तशी वळवायची. आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, त्यांनी साबण लावलेला आपला चेहरा आरशात कधी पाहिला नव्हता. दादाच्या कंपनीच्या छावणीत गेनबा असणार नव्हते. तेव्हा भोरच्या बाजारातून मी रेझर, पाच पात्यांची पुडी, ब्रश आणि तुरटी विकत आणली आणि पेटीत ठेवली. आईने ती त्याच दिवशी काढून माळ्यावर टाकली.

आईने तसे का केले, ते घरात सगळ्यांना ठाऊक होते. वहिनींना दिवस गेले होते. आमच्याकडे बायकोला पाचवा महिना लागला की नवऱ्याने दाढीकेसांना हात लावायचा नाही, ते मूल जन्मेपर्यंत. दादाची दाढी त्यामुळे चांगली गळ्यापर्यंत आली होती. याआधीच्या खेपेस त्याने हा नेम मोडला होता. चुलतभावाच्या लग्नात सगळे चिडवतात म्हणून सहाव्या महिन्यात गुळगुळीत दाढी करून घेतली होती. आई गावातली बाळंतपणे करीत असे. वहिनींचे ते मूल तिच्याच हातांत आले आणि रडले नाही. दाढीचा आणि त्या मुलाचा संबंध काय, असा प्रश्न आज मला कोणीही विचारावा. मीही तो तेव्हा विचारला होता, पुष्कळ मोठ्याने. आई आपले हात बघत राहिली. त्यानंतर मी तो प्रश्न घरात काढला नाही.

आता अडचण अशी की पारपत्रावरचा फोटो त्या लग्नाच्या सुमारास काढलेला होता. फोटोतल्या दादाच्या गालावर माशी घसरावी. दादाला पाठवणारा मध्यस्थ नसरापूरला एका दुकानाच्या माडीवर बसे. मी आणि दादा त्याच्याकडे गेलो. त्याने एकदा फोटोकडे आणि एकदा दादाकडे पाहिले आणि म्हणाला की अशा तोंडाने गेलास तर साहेब म्हणतील हा माणूस दुसराच आहे, माघारी धाडतील, आणि मग मला बोलायचे नाही. दाढी असलेल्या माणसाला दाढी नसलेल्या फोटोवर सोडता येत नाही हा नियम कुठे लिहिला आहे, असे मी विचारले. तो हसला. नियम लिहून कोण देतो, म्हणाला. त्या हसण्याचा राग मला आजही येतो. मी त्याच दिवशी भोरला परतून वाचनालयातला शब्दकोश शेजारी ठेवून पारपत्र कार्यालयाला इंग्रजीत पत्र लिहिले. माझे ते पहिले पत्र. उत्तर आले, सौजन्यपूर्ण होते, पण दादा जाऊन दीड महिना झाल्यावर आले. आणि त्यातही आपले पत्र मिळाले एवढेच होते. सरकारे बदलली, विमाने बदलली, हे वाक्य बदललेले नाही.

दादाला जायचे होते. घरचे भात वर्षाला पुरत नव्हते, दादा काम करी ते हमरस्त्यावरचे वर्कशॉप बंद पडले होते, आणि असे बोलावणे पुन्हा येईलच असे नव्हते. आणि आईला दुखवायचे नव्हते. वहिनींचे मत कोणीच विचारले नाही. त्या चुलीपाशी बसून नाचणीच्या भाकरी थापीत असत आणि घरातला आवाज चढला की थापण्याचा आवाज कमी होई, एवढेच मला आठवते. शेवटी दादाने मला गोठ्यामागे नेऊन आपला बेत सांगितला. घरून दाढीसकट निघायचे. आईच्या डोळ्यांदेखत काही करायचे नाही. मुंबईला विमानतळावर मोरीत जाऊन दाढी काढायची आणि आत जायचे. मला तो बेत पसंत पडला नाही, कारण तो लपूनछपून होता. परंतु दुसरा माझ्याजवळ नव्हता. दाढीचे सगळे सामान मी माळ्यावरून काढून त्याच्या झोळीत ठेवले.

राहिला प्रश्न शिकण्याचा. आम्ही गेनबांना गाठले. ते साफ म्हणाले की घरधनीण पोटुशी असलेल्या माणसाच्या गालाला ते पाते लावणार नाहीत, मग तो मुंबईला जावो की आणखी कुठे. दादाचा चेहरा पडला. गेनबांनी रेझर हातात घेऊन उलटसुलट पाहिले, मळसूत्र फिरवून पाते काढून ठेवले, आणि रिकामे रेझर दादाच्या हातात दिले.

"घ्या. आता फिरवा."

"याला बिलेड कुठं हाय?"

"म्हनून तर म्हनतोय फिरवा. बिलेड न्हाई तर दाडी न्हाई. मग म्या काय केलं? काय बी न्हाई."

कायदा मी पुढे पुस्तकांतून पुष्कळ वाचला, पण इतके स्वच्छ मत क्वचित वाचले. मग गोठ्यामागे आमची शाळा भरली. दादा म्हशीच्या पाण्याच्या टोपात तोंड बघे, दाढीवर साबणाचा फेस करी आणि रिकामे रेझर वरून खाली ओढी. गेनबा उकिडवे बसून ओरडत की गाल फुगवा, मान वर करा, वेल्डिंग करताय का दाढी, हात हलका ठेवा. फेस निघे, दाढी जागच्या जागी. एकदा आबा आले, क्षणभर पाहत उभे राहिले, आणि म्हणाले, "ह्यो काय नवा ख्योळ?" गेनबा म्हणाले, "परदेशातली तालीम हाय." आबा मान हलवून निघून गेले. मला वाटते त्यांना सगळे कळले होते.

निघायच्या दिवशी नसरापूरची जीप आणली. पाठवणीला वाडीतली माणसे इतकी बसली की पेटी टपावर बांधावी लागली. आबा आणि वहिनी घरी राहिले. वहिनी दारात आल्या, दादाच्या पाया पडल्या, आणि त्याच्या दाढीकडे एकदा पाहून आत गेल्या. आईने शिदोरीला तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी बांधली होती. तिचा वास घाट उतरेपर्यंत जीपभर होता. दादाने काही खाल्ले नाही. तो झोळीतल्या रेझरवर हात ठेवून बसला होता आणि दर थोड्या वेळाने मला विचारत होता, किती वाजले.

विमानतळावर पोहोचविणाऱ्यांसाठी एक मोठी खोली होती आणि तिच्या टोकाला मोरी. आईला पेटीपाशी बसवून आम्ही दोघे आत गेलो. भिंतभर आरसा होता. दादा त्यात स्वतःकडे बघतच राहिला. एवढा अख्खा तो स्वतःला कधी दिसला नव्हता. मग त्याने तोंड ओले केले, फेस केला, पाते बसवले आणि शिकवल्याप्रमाणे गाल फुगवून रेझर वरून खाली ओढले. ते दोन बोटे सरकले आणि अडकले. त्याने झटका दिला, तो ओरडला. वाढलेली दाढी आधी कात्रीने उतरवावी लागते, मग पाते, ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती, मला ठाऊक नव्हती. माझ्या ओठावर तेव्हा नुकती लव फुटत होती. आणि गेनबांना ती सांगावी असे सुचलेच नव्हते, कारण तालमीत पाते कधी नव्हतेच, त्यामुळे काही अडण्याचा प्रसंगही आला नाही. दादा रेझर धुई, केस उपसून काढी, पुन्हा ओढी. पांढऱ्या भांड्यात केस आणि रक्त. मागे उभा असलेला एक सुटातला गृहस्थ इंग्रजीत काहीतरी पुटपुटून निघून गेला. बाहेर कुठल्याशा विमानाची घोषणा झाली.

"बाळू, हे सरकतच न्हाई रं," दादा म्हणाला. त्याचा एक गाल हनुवटीपर्यंत ओरबाडलेला, लालभडक, आणि दुसऱ्या गालावर पूर्ण दाढी. पंचा तोंडाला लावून तो बाहेर आला आणि सरळ इमारतीच्या बाहेर, जीप उभी होती तिकडे चालू लागला. आई उठून त्याच्या मागे, मी आईच्या मागे. जीपच्या पलीकडे झाडांना पाणी घालायचा एक नळ होता. तिथे तिने त्याला गाठले आणि पंचा ओढला.

मला वाटले ती आता रडेल, किंवा मारील. तिने तो गाल पाहिला, दुसरा पाहिला, आणि ओठ घट्ट मिटले.

दादा म्हणाला, "आई, जातच न्हाई म्या. चला घरी."

"घरी जाऊन तिला काय दावशील? ही अर्दी?"

त्याने पंचा परत घ्यायला हात पुढे केला.

"बस खाली," आई म्हणाली. "बाळू, नवं बिलेड काढ."

मी पुडीतून पाते काढून दिले. रेझरचा दांडा तिने बाजूला ठेवला. सुटे पाते दोन बोटांत धरले, बाळंतपणात नाळ कापायला धरीत असे तसे. डाव्या मुठीत ती दादाच्या दाढीची बट धरी, पात्याने मुळाशी कापी, आणि कापलेले केस शिदोरीच्या फडक्यात टाकी. घाई नव्हती आणि विसावाही नव्हता. काठी घेऊन एक शिपाई आला आणि इथे बसता येणार नाही म्हणाला. मी त्याला विचारले की असा नियम कुठे लावलेला आहे, दाखवा. आयुष्यात कोणा गणवेशाला मी विचारलेला तो पहिला नियम. तो इतका गोंधळला की काठी टेकून बघत उभा राहिला. सगळी दाढी खुंटावर आल्यावर आईने साबण लावला, रेझर दादाच्या हातात दिले नाही, स्वतःच ओढले. कुठे कुठे कापले, तिथे तुरटी फिरवली. मग त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवले.

"हे तू केलं न्हाईस," ती म्हणाली. "म्या केलंय. ध्येनात ठिव."

दादा आत गेला. काचेपलीकडे तो वळला, दिसेनासा झाला, आणि पुन्हा बाहेर आला नाही. फोटोतला माणूस आणि हा माणूस एकच आहे हे साहेबांना पटले असावे, असे त्यावरूनच आम्ही ठरवले. परतताना गुंजवणी नदीच्या पुलावर आईने जीप थांबवली, केसांचे फडके पाण्यात सोडले आणि मला व जीपमधल्या सगळ्यांना बजावले की सुमनला, म्हणजे वहिनींना, सांगायचे नाही. घरी आल्या आल्या वहिनींनी विचारलेच, "भावजी, दाडी घिऊनच गेलं न्हवं?" मी उत्तर दिले की विमानात चढताना मी जवळ नव्हतो. ते खोटे नव्हते. वहिनींनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले आणि पुन्हा विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओसरीवर बसली नाही. रोज भाकरी झाल्या की ती केस मोकळे सोडून, तेल लावून, उन्हात बसून विंचरीत असे. वाडीतल्या निम्म्या बातम्या तिथे कळत. त्या दिवशी तिने पदर डोक्यावरून घट्ट ओढला आणि शेणाची पाटी उचलली. तिसऱ्या दिवशीही तेच. मी भोरला गेलो आणि पुढच्या शनिवारी आलो, तेव्हा पदराखालून एक जट डोकावत होती. शेजारणी कुजबुजू लागल्या. कोणी म्हणे उवा झाल्या, कोणी म्हणे अंगात येणार. आबांनी एकदा विचारले, तिने ऐकले न ऐकल्यासारखे केले. एकाचे कर्तव्य दुसऱ्याने पार पाडता येते का, हा प्रश्न मी पुढे परीक्षेत लिहिला आणि त्याची कलमे मला आजही पाठ आहेत. परंतु आमच्या आईने ते कलम कोणालाही न विचारता, कुठेही न लिहिता, स्वतःपुरते लागू करून दादाचा मोडलेला नेम मूल येईपर्यंत आपल्या केसांवर घेतला होता, हे मला कळायला तो सबंध महिना लागला. वहिनींना किती वेळ लागला ते मला माहीत नाही. त्या तिच्या डोक्याकडे बघत नसत. इतक्या कटाक्षाने बघत नसत की तेच लक्षात येई.

मूल आले ते भर दुपारी. मी तेव्हा घरी होतो आणि अंगणातून विहिरीकडे, विहिरीकडून अंगणात असा फिरत होतो. आबांनी मला दोनदा बस म्हणून सांगितले आणि तेही बसले नाहीत. आत आईचा आवाज येत होता, दटावणारा, नेहमीचा. मग तो थांबला. त्या थांबण्यात आबांनी कुंपणाची एक काठी उपटून हातात घेतली आणि ती कशासाठी घेतली हे त्यांनाही कळेना. आणि मग रडणे ऐकू आले. बारीक, चिडलेले, सलग. मुलगी होती. आई बाहेर आली, पाते राखेने घासून धुऊ लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुडाशी गरम पाण्याचा हंडा ठेवायला गेलो. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांनी जायचे नसे, म्हणून बाहेरच थांबलो. आत वहिनी भिंतीला टेकून बसल्या असाव्यात. त्यांचा आवाज बारीक पण स्पष्ट आला.

"आत्याबाई, फनी आना. आन् हितं म्होरं बसा."

"तू पडून ऱ्हा गं. आता काय फनी?"

"बसा म्हनते ना. लई गुता झालाय."

मग जमिनीवर बसल्याचा आवाज, तेलाच्या बुधलीचे बूच, आणि फणी जटेत अडकून सुटू लागली. आई एकदाच म्हणाली, हळू. वहिनी हो म्हणाल्या आणि विंचरीत राहिल्या.